जबाबदार राहील

सायकलवर हेल्मेट घालून येणारा ग्रामसेवक आमच्या गावानं त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही. नव्वदीची सुरुवात होती. कोल्हापुरात तेव्हा मोटरसायकलवालेसुद्धा डोक्यावर काही घालत नसत. फौंड्रीवाल्यांची पोरं केस उडवत जायची आणि त्यातच शान मानायची. आणि हा माणूस आमच्या गावाचा चढ सायकलवरून धापा टाकत चढतोय, डोक्यावर पिवळं हेल्मेट, काच खाली ओढलेली, आतून वाफ धरलेली. पहिल्या दिवशी पारावरची माणसं बघायला उठून उभी राहिली.

"कोण म्हणायचं हे?"

"नवं भाऊसाहेब."

"मग गाव दगडं मारंल आसं कुणी सांगिटलंय काय त्येस्नी?"

आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात. मीही तेच म्हणत आलो, म्हणून इथं त्यांचं नाव लिहीत नाही. खरं तर कारण तेवढंच नाही. त्यांचं नाव कागदावर लिहिण्याचा माझा हक्क गेलेला आहे. तो कसा गेला, तेच सांगायचं आहे.

मी तेव्हा ग्रामपंचायतीत क्लार्क होतो. वय चोवीस, गावातलाच, सरपंचांच्या शब्दावर चिकटलेला. भाऊसाहेबांनी खुर्चीवर बसायच्या आधी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुझा रक्तगट काय रे?"

"म्हाईत न्हाई."

"सरपंचांच्या म्हशी किती हायत?"

"सात."

"बघ. दुसऱ्याच्या गोठ्यात काय हाय ते म्हाईत हाय, आपल्या अंगात काय व्हातंय ते न्हाई. उद्या तपासून ये."

मी तपासून आलो. मग त्यांनी एक जाड वही घातली. दाखल्याला येईल, उताऱ्याला येईल, नळाची तक्रार घेऊन येईल, त्याला रक्तगट विचारायचा आणि वहीत मांडायचा. नसेल माहीत तर चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवायचं. म्हाताऱ्या वैतागायच्या. "आमचं रगत लालच हाय की वं भाऊसाहेब!"

"सगळ्यांचंच लाल आसतंय, आक्का. म्हणून तर घोळ हुतोय."

गावानं त्यांचं नाव 'रक्ताचा तलाठी' पाडलं. सरपंच चारचौघांत विचारायचे, "भाऊसाहेब, डास चावला तर त्याचाबी गट लिवून घेता काय?" भाऊसाहेब चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगायचे, "डास दाखल्याला येत न्हाई."

त्या वहीनं एक जीव वाचवला. खालच्या आळीतली एक बाळंतीण दुपारी दवाखान्यात नेली, आणि तासाभरात निरोप आला, रक्त फार गेलंय, ह्या गटाची माणसं असतील तर पाठवा. नातेवाईक रडत ऑफिसात आले. भाऊसाहेबांनी वही उघडली, बोट फिरवलं, तीन नावं काढली. दोघांना उसाच्या फडातून उचललं. तिसरा तानाजी, फौंड्रीत लेथवर काम करणारा, सुट्टी म्हणून घरात झोपलेला. जीप भरून गेली आणि बाई वाचली. गाव आठ दिवस हसायचं थांबलं. नवव्या दिवशी परत सुरू.

भाऊसाहेबांना बोलण्यावर भरवसा नव्हता. "तोंडाचं वारं, कागदाचं खरं" हे त्यांचं पालुपद. शिपायाला पाणी आणायला सांगितलं तरी चिठ्ठी लिहितील की काय, असं वाटायचं. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. त्यांनी मला दोन महिने रोज एक पान गिरवायला लावलं. मी पंचविसाव्या वर्षी, बालवाडीतल्या पोरासारखा, ग्रामपंचायतीत बसून 'क' काढत होतो. पण अक्षर वळलं. आज माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं आहे.

आता गायरानाचं सांगतो, कारण सगळं तिथंच झालं.

गावाच्या वरच्या अंगाला दीडशे एकर गायरान आहे. अर्ध्यात कुसळ, अर्ध्यात मुरमाची जुनी खाण. त्या खाणीच्या चढउतारांवर शहरातली पोरं मोटरसायकली घेऊन यायला लागली. सायलेन्सर कापलेल्या गाड्या, मागं धुळीचा लोट, खाणीच्या कडेवरून उडी. दर रविवारी दहा गाड्या, मग तीस, मग दोन जीपगाड्याही. त्यांच्या मागं बघे आले आणि बघ्यांच्या मागं भेळवाले आले. गुरं बुजायची. एकाची बैलजोडी दावं तोडून थेट हायवेपर्यंत गेली. लोक ग्रामपंचायतीत येऊन ओरडू लागले.

आधीच्या ग्रामसेवकानं असल्या वेळी काय केलं असतं, ते मला माहीत आहे. खिडकी लावून घेतली असती. भाऊसाहेबांनी कागद ओढला. तहसीलदारांना लिहिलं : सदर गायरानात मोटारींचा खेळ चालतो, त्याची व्यवस्था कुणी बघायची? उत्तर आलं : ग्रामपंचायत स्तरावर उचित कार्यवाही करावी. पंचायत समितीला लिहिलं. उत्तर आलं : जमीन सरकारी असल्यानं महसूल विभागाशी संपर्क साधावा. पोलीस ठाण्याला लिहिलं. तिथून तोंडी निरोप आला की हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा विषय आहे. तोंडी म्हटल्यावर भाऊसाहेब सायकल मारत ठाण्यात गेले आणि "हेच लिहून द्या" म्हणून दोन तास बाकावर बसून राहिले. दिलं नाही.

परत आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "कुणाचंच न्हाई म्हणत्यात. मग आपलं."

"आपलं कसं काय, भाऊसाहेब?"

"पोर रस्त्यात रडत बसलं आणि कुणीच माझं म्हणंना, तर काय तिथंच सोडून जातोस?"

त्यांनी ग्रामसभेत नियम मंजूर करून घेतले. गाड्या फक्त रविवारी सकाळी सात ते अकरा. हेल्मेट असल्याशिवाय प्रवेश नाही. गुरांची वाट वेगळी. बघ्यांनी दोराच्या मागं उभं राहायचं. दर शनिवारी ते स्वतः गायरानावर जायचे, चपला काढून अख्खा ट्रॅक अनवाणी चालायचे, आणि टोचेल तो दगड उचलून कडेला टाकायचे. मी मागून फक्कीचं घमेलं घेऊन. त्यांनी दाखवलं तिथं पांढरी रेघ मारायची. रविवारी सात वाजता दोर बांधून तयार. पोरांना आत सोडायच्या आधी विचारणार, "रक्तगट?" सांगितला नाही तर गाडी परत.

सुरुवातीला शहरातली पोरं त्यांची टर उडवायची. एकदा त्यातल्या एकानं डिवचलं, "भाऊसाहेब, एवढं हेल्मेट घालताय, बसा की मागं एक फेरी." भाऊसाहेब शांतपणे धोतराचा सोगा खोचून बसले. पाचसहा जणांनी शिट्ट्या मारल्या. गाडी खाणीत उतरली, चढली, उडाली, आपटली आणि वळून परत आली. भाऊसाहेब उतरले. तोंड पांढरं पडलं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि उभ्याउभ्या लिहिलं : खाणीच्या वळणावर गाडी सुटते. तिथं बघे नकोत. त्या दिवसापासून वळणाला दुहेरी दोर लागला, आणि पोरंही त्यांना मानू लागली.

पाटी लावायची वेळ आली तेव्हा मजा झाली. तेव्हा मजाच वाटली होती. प्रत्येक तळ्यावर, विहिरीवर, पडक्या शाळेवर असते तशी पाटी रंगवायला दिली होती. पेंटर घेऊन आला. नियम एक ते सहा आणि खाली मोठ्या अक्षरांत : काही दुखापत झाल्यास ग्रामपंचायत जबाबदार राहील.

सरपंच वाचून म्हणाले, "पेंटर, लेका, 'नाही' ऱ्हायलं की."

"ऱ्हायलं न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. "म्या मुद्दाम काढलंय."

"आवं, गळ्यात येईल!"

"दोर आपण बांधायचा, रेघ आपण मारायची, वेळ आपण ठरवायची, आणि पोर पडलं की आपण न्हाई? आसं कसं चालंल, सरपंच?"

सरपंच हसले. पण त्या हसण्यात दात जास्त होते. पाटी लागली. जिल्ह्यात असली पाटी तेवढी एकच असेल.

तीन वर्षं गायरानावर कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. ही तीन वर्षं चौकशीच्या कागदात कुठंही आलेली नाहीत.

सरपंचांच्या पक्षातल्या वरच्या साहेबांचा वाढदिवस आला. सरपंचांना जिल्ह्यात नाव करायचं होतं. गायरानावर मोटरसायकलींची भव्य स्पर्धा, स्टेज, कमानी, लाऊडस्पीकर. पोलिसांनी सांगितलं, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणा. भाऊसाहेबांनी नकार दिला, अर्थात लेखी. हजारो माणूस येणार, दोर पुरणार नाही, वळण मोकळं ठेवता येणार नाही. सरपंचांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. पुढच्याच आठवड्यात भाऊसाहेबांना तालुक्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. तिसरा दिवस स्पर्धेचा.

जाताना ते मला म्हणाले, "कपाटाची किल्ली तुझ्याजवळ आसू दे. शिक्का बाहेर काढायचा न्हाई."

सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळी आले. खुर्चीत बसले नाहीत, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. "तुझी कायम करायची फाईल माझ्याकडंच हाय, न्हवं? आणि लग्न कवाचं धरलंय?"

एवढंच बोलले. धमकी अशी नव्हतीच. मी कपाट उघडलं. माझ्या वळणदार अक्षरात ना हरकत दाखला लिहिला, खाली 'ग्रामसेवक करिता' म्हणून एक फराटा ओढला आणि गोल शिक्का मारला. हात थरथरला असं म्हणायला आवडलं असतं. थरथरला नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी सकाळी बांधायला म्हणून दोर बाहेर काढला. सरपंचांनी वाटेतच अडवलं. "दोर बांधलास की माणसं मागं सरकत्यात, स्टेजवरनं मोकळं मोकळं दिसतंय. साहेबांस्नी गर्दी दिसाय पायजे." मी दोर परत ऑफिसात नेऊन ठेवला.

माणसं खाणीच्या कडेपर्यंत दाटली. वळणावर तर जत्राच. तानाजी तिथं होता, चार वर्षांची लेक खांद्यावर घेऊन. तिला गाड्या दिसाव्यात म्हणून तो सगळ्यांत पुढं गेला होता. मी त्याला पाहिलं. हाकही मारली, पण लाऊडस्पीकरवर साहेबांचं आगमन चाललं होतं. तिसऱ्या फेरीत एक गाडी वळणावर सुटली. तानाजीला तेवढाच वेळ मिळाला की त्यानं लेकीला खांद्यावरून ओढून बाजूच्या मुरमाच्या ढिगावर फेकलं. लेकीला खरचटलंसुद्धा नाही. तो जागेवरच गेला.

भाऊसाहेब संध्याकाळच्या आत आले. कुणीतरी तालुक्याला फोन केला होता. सायकल ऑफिसासमोर टाकली आणि मला म्हणाले, "दोर कुठाय?"

"हापिसात हाय."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. कोपऱ्यात दोराचं वेटोळं होतं.

चौकशीला जे अधिकारी आले ते सभ्य गृहस्थ होते. आवाज चढवला नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायले. तहसील म्हणालं, आमच्याकडं कागद नाही. पोलीस म्हणाले, आम्ही ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर गेलो. सरपंच म्हणाले, "आपण अंगठेबहाद्दर मानूस, साहेब. कागदाचं भाऊसाहेबच बघत्यात." सरपंच बी.ए. होते.

कागद एकट्या भाऊसाहेबांकडं होते. गठ्ठाभर. त्यांनी ते स्वतः, मोठ्या विश्वासानं, क्रमवार लावून चौकशीच्या साहेबांपुढं ठेवले. फक्त दाखल्याच्या नकाराचा कागद त्यात नव्हता; त्याची एकुलती प्रत सरपंचांच्या खिशात गेली होती.

साहेबांनी पानं उलटली. "एवढी पत्रं लिहिलीत. म्हणजे तिथं धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"म्हणून तर लिहिलं, साहेब."

"ठाऊक असूनही मैदान चालू ठेवलंत."

"बंद करायचा अधिकार कुणाचा ते विचारलं हुतं. ते बगा, तिसरं पत्र."

"ही वही कसली?"

"रक्तगटांची."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे रक्त सांडणार हे तुम्ही धरूनच चालला होतात."

भाऊसाहेबांनी वही मिटून जवळ ओढली. पाटीचा फोटो आधीच काढून झाला होता. ज्यांनी एक ओळ लिहिली नव्हती ते सगळे कोरडे राहिले. ज्यानं लिहिलं तो भिजला.

मग मला बोलावलं. दाखला माझ्यासमोर धरला. "हे अक्षर तुमचं?"

"व्हय."

"शिक्का कुणाच्या सांगण्यावरून मारलात?"

दारात सरपंच उभे होते. स्कूटरच्या किल्लीनं कान कोरत होते. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

"भाऊसाहेबांनी जाताना सांगून ठेवलं होतं," मी म्हणालो. "गरज पडली तर मार म्हणून."

भाऊसाहेब खुर्ची मागं ढकलून उठले. "खोटं बोलतोय, साहेब! त्याच्या तोंडाकडं बगा. नुसतं बगा, कळंल तुमास्नी."

साहेब लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. मीही केली नाही. जबाबाच्या खाली मी सही केली.

निलंबनाचा कागद पंधरा दिवसांत आला. सामान न्यायला ते आले, त्या दिवशी तानाजीची बायको त्यांना रस्त्यात आडवी झाली. लेक कडेवर. "माज्या लेकीचा बाप खाल्लासा!" ती ओरडत होती. "खुर्चीवर बसून कागदं खरडत बसलासा, आणि माजा मानूस मातीत घातलासा!" गाव जमलं. भाऊसाहेबांनी हेल्मेट काढून हातात धरलं आणि ऐकून घेतलं. दाखला मी दिला नाही, त्या दिवशी मी गावातच नव्हतो, असलं काही बोलले नाहीत. ती दमेपर्यंत उभे राहिले. मग सायकलवर बसून उतारानं गेले. मी ऑफिसाच्या खिडकीतून बघत होतो. दार दहा पावलांवर होतं.

नंतर मी कायम झालो. लग्न झालं. नव्या ग्रामसेवकानं पहिल्याच महिन्यात पेंटर बोलावून पाटीवर 'राहील'च्या जागी 'राहणार नाही' लिहून घेतलं. दोर कुणी बांधला नाही, फक्की कुणी मारली नाही. गाड्या मात्र थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. आता तर आठवड्यातले सगळे वार त्यांचेच. दोन जणांचे पाय गेले, एकाच्या कमरेखालचं सगळं लुळं पडलं. चौकशीला कुणी आलं नाही. पाटीवर स्पष्ट लिहिलेलं आहे ना.

भाऊसाहेबांची चौकशी नऊ वर्षं चालली. निर्दोष असल्याचं पत्र त्यांना निवृत्तीनंतर मिळालं, असं तालुक्यात कुणीतरी सांगितलं. ते ऐकल्यावर मला राहवेना. आजऱ्याच्या पलीकडं त्यांचं गाव, ते मी विचारत विचारत गाठलं.

ते अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. वाळून काडी झाले होते. मला पाहून हात झटकत उठले.

"या, पावणं. बसा."

मला वाटलं ओळखलं नाही. "भाऊसाहेब, मी..."

"व्हय, व्हय. बसा की. लांबनं आलासा." घरात हाक दिली, "पावणं आल्यात, च्या टाका." मग पाऊसपाणी विचारलं, काजूचा मोहर यंदा कसा जळला ते सांगितलं, एसटी किती वाजता आहे ते सांगितलं. सगळं अहो-जाहोत. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं, आदबीनं. चहा संपला. मी कप खाली ठेवला आणि एका दमात बोलून गेलो. त्या दिवशी मी खोटं बोललो. शिक्का सरपंचांच्या सांगण्यावरून मारला. दोर मीच परत नेऊन ठेवला.

ते बिया निवडत राहिले. चांगल्या एकीकडं, किडक्या एकीकडं.

"त्या तानाजीच्या पोरीला सांगिटलंस?" त्यांनी विचारलं.

तेवढ्या एका वाक्यापुरते ते 'तू'वर आले होते.

"न्हाई."

"मग हितं कशाला आलायसा, पावणं?" ते म्हणाले. "साडेतीनची गाडी चुकंल."

त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्याचं मला उशिरा कळलं.

ती पोर एकदा ऑफिसात आली होती. कॉलेजच्या प्रवेशाला रहिवासी दाखला पाहिजे होता, शेवटची तारीख होती. बापासारखंच रुंद कपाळ. मी दाखला लिहायला घेतला. वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहिताना ती माझ्या हाताकडं बघत होती.

"काका, अक्षर लई भारी हाय वं तुमचं."

मी लिहीत राहिलो.

"तुमी तवा हितंच हुतासा न्हवं?" ती म्हणाली. "ज्याच्यामुळं आमचं पप्पा गेलं, तो ग्रामसेवक कसा हुता वं? आई त्याचं नाव काढलं तरी थुकती. मला त्याचं तोंडबी आठवत न्हाई."

ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. सरपंच मरून चार वर्षं झाली होती. मी कायम होतो, मला कुणाचंही भय नव्हतं.

"जरा तऱ्हेवाईक होता," मी म्हणालो.

"आसंल," ती म्हणाली, आणि दाखला घेऊन पळाली.